लिंडनच्या झाडावरचा वेलिच्को

बसमध्ये बसलेला माणूस बसच्या वर कसा असू शकतो, हा प्रश्न वेलिच्को त्सान्कोव्हला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी पडला. त्याआधीचं सगळं आयुष्य त्याने बसने सुखरूप प्रवास करण्यात घालवलं होतं आणि एकदाही त्याला टपावर बसायची वेळ आली नव्हती. पण इंग्रजीचं म्हणणं वेगळं होतं. मोटारीत माणूस आत असतो, म्हणजे ‘इन’. बसमध्ये तोच माणूस वर असतो, म्हणजे ‘ऑन’. घोड्यावरही तो ‘ऑन’च असतो. तेव्हा इंग्रजांच्या लेखी बस हा घोड्याचाच एक प्रकार असावा, अशी वेलिच्कोने स्वतःची समजूत घातली आणि पुढच्या शब्दाकडे वळला. पुढचा शब्द ‘ऍट’ होता. तिथे त्याची समजूत संपली.

वास्तविक वेलिच्को हा इंग्रजीच्या वाटेला जाणारा माणूस नव्हता. गोर्नो ल्युबेन गावच्या पाणीपुरवठा कचेरीत तो मीटर विभागाचा प्रमुख होता. एकोणीस वर्षं तो खिडकीजवळच्या एकाच टेबलाशी बसत आला होता. त्या खिडकीतून समोरचं पावाचं दुकान आणि त्याच्यासमोरचं लिंडनचं झाड दिसायचं. कचेरीत खिडक्या पुष्कळ होत्या, पण बाकीच्या खिडक्यांतून भिंत दिसायची. मग एक दिवस परिपत्रक आलं. युरोपच्या मदतीने नवे मीटर बसणार, परदेशी पाहुणे येणार, म्हणून प्रत्येक विभागप्रमुखाने तीन आठवड्यांनी, गुरुवारी, जिल्ह्याच्या गावी इंग्रजीची तोंडी परीक्षा द्यायची. जो नापास होईल किंवा गैरहजर राहील, त्याची बदली तळघरात, जुन्या मीटरांच्या राखणीवर. त्याच्या जागी दुय्यम. वेलिच्कोची दुय्यम ओग्न्याना. ओग्न्यानाने सहा उन्हाळे समुद्रकाठच्या हॉटेलात परदेशी पाहुण्यांना जेवण वाढलं होतं. तिला इंग्रजी असं यायचं की ऐकणाऱ्याला भूक लागावी.

वेलिच्कोने शिकवणी लावली ती दिन्चेवा बाईंची. बाईंनी बावीस वर्षं शाळेत रशियन शिकवलं होतं. पुढे राज्य बदललं आणि हेडमास्तरांनी एका शुक्रवारी त्यांना सांगितलं की सोमवारपासून इंग्रजी. बाईंनी शनिवार-रविवारात इंग्रजी सुरू केलं आणि तेव्हापासून त्या मुलांच्या बरोब्बर एक धडा पुढे होत्या.

“माझ्या पुढचं मला विचारायचं नाही,” त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. “आणि का म्हणूनही विचारायचं नाही.”

“पण बाई, आपल्या भाषेत एकटं ‘ना’ आहे ना! टेबलावर ‘ना’, बाजारात ‘ना’, ‘बायकोचा भाऊ’ यातला ‘चा’सुद्धा ‘ना’. एक शब्द बिचारा सगळ्यांची कामं करतो. यांना इतके नोकर कशाला लागतात?”

“श्रीमंत लोक आहेत,” बाई म्हणाल्या. “घरी जा आणि जिथे जो शब्द बसतो तिथे त्याची चिठ्ठी चिकटव. कारण शोधू नकोस, जागा पाठ कर.”

हा सल्ला वेलिच्कोला पटला, कारण मीटरचंही तसंच असतं. तो घरी आला आणि दोन दिवसांत घराला पुरळ उठावं तशा चिठ्ठ्या उठल्या. फ्रिजवर ‘ऑन’. कपाटामागे ‘बिहाइंड’. मिरच्यांच्या लोणच्याच्या बरणीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, ‘इन’. जेवणाच्या टेबलाच्या खालच्या अंगाला ‘अंडर’. ती वाचायला वेलिच्को दर संध्याकाळी गुडघ्यांवर बसून टेबलाखाली डोकं घालायचा आणि उठताना ते आपटून घ्यायचा. त्याची बायको नेवेना पोस्टात तिकिटं विकून निवृत्त झालेली, शांत बाई. तिने हे सगळं सहन केलं. पण बिछान्यात दोन उशांच्या बरोब्बर मधे ‘बिटवीन’ सापडलं, तेव्हा तिचा पारा चढला.

“तीस वर्षं संसार केला,” ती म्हणाली. “इतक्या वर्षांत आपल्या मधे कोणी आलं नाही. आता हे कागद आणलेस?”

“परीक्षेपुरतं गं.”

“आणि सारखा ‘इन द बस’ काय म्हणतोस? ‘ऑन’. सतरा वेळा सांगितलं. रोज धूळ पुसताना मला पाठ झालं, तुला होत नाही?”

वेलिच्कोला हा घाव वर्मी लागला, पण तिचं बरोबर होतं.

शेजाऱ्यांचे सल्ले चालूच होते. इमारतीचा कारभारी द्रेन्कोव्ह हा अग्निशामक दलातला निवृत्त कप्तान. तो म्हणाला की भाषा ही थंड पाण्याने आंघोळ करून पहाटे शिकायची असते. त्याला स्वतःला किती भाषा येतात, असं विचारल्यावर तो म्हणाला, मुद्दा तो नाही. तळमजल्यावरच्या गोरित्सा मावशीने सांगितलं की वही उशीखाली ठेवून झोप. नेवेनाने बिछान्यात आणखी कागद येऊ दिला नाही, म्हणून तेही राहिलं.

खरी पंचाईत पुढे झाली. बाईंनी वाक्य जोडायचे शब्दसमूह काढले. इन स्पाइट ऑफ. ऍज अ रिझल्ट. ऑन द अदर हँड. नेव्हरदिलेस. हे आले नाहीत तर परीक्षेत माणूस एक-एक वाक्य विटेसारखं टाकत बसतो आणि भिंत काही उभी राहत नाही, असं बाईंचं म्हणणं. पण हे चिकटवायचे कुठे? ‘अंडर’ला टेबल मिळालं, ‘इन स्पाइट ऑफ’ला कुठलं फर्निचर द्यायचं? वेलिच्को आख्खं घर फिरला. शेवटी बाईंनी तोड काढली. चारही एकाच कागदावर ठळक अक्षरांत छापून घे, वीस प्रती काढ आणि जिथे जिथे नजर जाते तिथे लाव.

म्हणून मंगळवारी सकाळी वेलिच्को दिम्चोच्या दुकानात गेला. दिम्चो झेरॉक्स काढतो, फोटो काढतो आणि छपाई करतो. पण त्याच्या दहातली नऊ कामं मयताची. गावात माणूस गेला की त्याचा फोटो, खाली नाव, खाली चार ओळी आणि भोवती जाड काळी चौकट असा कागद निघतो. तो इमारतीच्या दारावर लागतो, कचेरीच्या दारावर, बसथांब्यावर, झाडावर. मग चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षाने पुन्हा. हे कागद कोणी वाचत नाही. चौकट दिसली की छातीवर बोटांनी क्रॉस करायचा, फोटो कोणाचा ते बघायचं आणि पुढे जायचं.

“परीक्षेच्या प्रवेशपत्रासाठी माझा फोटो काढ,” वेलिच्कोने सांगितलं. “आणि हा मजकूर मोठ्या अक्षरांत, वीस प्रती. खाली माझं नाव टाक, नाहीतर कचेरीतले लोक पळवतात.” त्याने आपल्या स्टेपलरवरही नाव घातलं होतं. “मी संध्याकाळी नेतो. आज पंपघरावर जायचंय.”

दिम्चोने मान डोलावली. त्याच्यासमोर एक फोटो होता, एक नाव होतं, चार ओळी होत्या आणि वीस प्रती होत्या. एकतीस वर्षं हेच करत आलेल्या हाताने पुढचं आपोआप केलं.

दुपारी गोरित्सा मावशी दुकानात आली. तिच्या नवऱ्याला जाऊन वर्ष झालं होतं, त्याचा कागद घ्यायला. काउंटरवर तिला दुसरा गठ्ठा दिसला. काळी चौकट आणि आत वेलिच्को, इस्त्रीच्या शर्टात. मावशीने आधी क्रॉस केला आणि मग ती मटकन खाली बसली. मजकूर तिला वाचता येईना. पण वेलिच्कोची मुलगी डब्लिनला असते, तिनेच इंग्रजीत कविता पाठवली असणार, हे तिने ओळखलं. दिम्चो जेवायला गेला होता. मावशीने विचार केला की नेवेना बिचारी आता कुठे वणवण करील, एवढं तरी आपण करावं. तिने दोन्ही गठ्ठे उचलले. नवऱ्याचे कागद चिकटवायला कणकेची खळ ढवळून ठेवलेलीच होती. तिने ती दोघांना वाटून घातली.

त्या वेळी वेलिच्को डोंगरावरच्या पंपघरात होता. तिथे फोनला रेंज नसते. तो पाइपांना उद्देशून ‘ऑन द अदर हँड’ म्हणत होता आणि पाइप घुमून उत्तर देत होते.

साडेचारच्या बसने तो उतरायला निघाला. बसच्या ‘वर’ बसल्या बसल्या तो पुटपुटत होता. समोरच्या बाईने मागे वळून बघितलं आणि क्रॉस केला. मग ड्रायव्हरनेही आरशात बघून क्रॉस केला. आपले उच्चार सुधारायला हवेत, एवढंच वेलिच्कोला वाटलं. तो पावाच्या दुकानाजवळ उतरला आणि लिंडनच्या झाडावर त्याला स्वतःचा चेहरा दिसला.

माणसाला धक्का बसतो म्हणजे काय होतं, हे वेलिच्कोला त्या दिवशी कळलं. काहीच होत नाही. पाय जिथे आहेत तिथे राहतात. त्याने फोटो बघितला, चौकट बघितली, नाव दोनदा वाचलं. खाली लिहिलं होतं: इन स्पाइट ऑफ. ऍज अ रिझल्ट. ऑन द अदर हँड. नेव्हरदिलेस. दुकानातून पाव घेऊन बाहेर पडलेला एक ओळखीचा मीटर-रीडर झाडाकडे बघून क्रॉस करता करता त्याच्याकडे वळला, त्याच्या हातातून पाव पडला आणि तो पावासाठी न वाकता निघून गेला.

वेलिच्को घराकडे पळत सुटला. कचेरीच्या दारावर तो होता. बसथांब्यावर तो होता. पोस्टाच्या आत, नोटिशींच्या फळ्यावर, तो होता. स्वतःच्या इमारतीच्या दारावर तो गोरित्सा मावशीच्या नवऱ्याच्या शेजारी होता.

आत जिन्याखाली अंधुक उजेडात मावशी भांडं घेऊन उभी होती. भांड्यात साखर-अक्रोड घातलेले उकडलेले गहू, मयताच्या नावाने वाटतात ते. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर ती मान खाली घालून एक-एक चमचा ठेवत होती.

“देव क्षमा करो त्याला,” मावशी म्हणाली.

“देव क्षमा करो,” वेलिच्को सवयीने म्हणाला, गहू तोंडात टाकले आणि अर्धे चावून झाल्यावर त्याला कळलं की आपण काय खातोय.

मावशीने वर बघितलं. चमचा भांड्यात पडला.

“वेलिच्को? तू आहेस?”

“आहे, मावशी.”

“मग झाडावर कोण आहे?”

“मीच आहे. पण ते परीक्षेचं आहे.”

मावशीच्या चेहऱ्यावर आधी भीती होती, मग आनंद आला आणि मग, वेलिच्कोला हे अजिबात अपेक्षित नव्हतं, राग आला. “निदान सांगायचं तरी!” ती कडाडली. “माझ्या नवऱ्याच्या वर्षाचे गहू आहेत हे! अर्धे तुझ्या नावाने वाटले. आता त्याला काय सांगू मी?”

जिन्यावर द्रेन्कोव्ह कप्तानाच्या युनिफॉर्ममध्ये, हातात कागद घेऊन उभा होता. त्याने वेलिच्कोला बघितलं, मग कागदाकडे बघितलं आणि कागद खिशात घातला. “म्हणजे उद्याचं भाषण रद्द?” त्याने विचारलं. त्याचा सूर बराच खट्टू होता.

वेलिच्को वर पोचला. दार उघडंच होतं. नेवेना त्याच्या खुर्चीत बसली होती. दारातल्या चपलांमध्ये त्याच्या घरातल्या सपाता जोडीने सरळ लावून ठेवलेल्या होत्या. एरवी त्या कधीच सरळ नसत. तिने त्याच्याकडे बघितलं. मग तिने उठून त्यातली एक सपात उचलून त्याला मारली, दुसरीही मारली, आणि मग ती रडायला लागली.

“तीन वाजता मावशी आली,” ती म्हणाली. “मी म्हटलं, चूक असेल. फोन केला. लागेना. चौदा वेळा केला. मग फोटोतला शर्ट दिसला. तो मीच इस्त्री केला होता, सोमवारी.” तिने मूठ उघडली. मुठीत चुरगळलेली ‘अंडर’ची चिठ्ठी होती. “म्हटलं, हे सगळे भिकारडे कागद फाडून टाकते. टेबलाखाली शिरले आणि ही काढली. मग पुढची काढवेना.”

वेलिच्को तिच्याशेजारी जमिनीवर बसला. त्या संध्याकाळी दोघं खरवडणी घेऊन बाहेर पडली. तो खरवडायचा आणि ती बादली धरायची.

“आता आपण कुठे आहोत?” ती विचारायची. “इंग्रजीत सांग.”

“ऑन द बस स्टॉप.”

“ऍट! थांब्याच्या टपावर चढलायस का? ऍट द बस स्टॉप. पुन्हा.”

एकोणीस कागद निघाले. विसावा, लिंडनच्या झाडावरचा, मावशीने खोडाच्या भेगांत खळ भरून लावला होता. तो निघेना.

बुधवारी सकाळी वेलिच्को कचेरीत गेला, तेव्हा त्याच्या टेबलाशी ओग्न्याना बसली होती. खिडकीत तिची कुंडी होती आणि कुंडीला पाणीही घालून झालं होतं. वेलिच्कोने कुंडीखालचं ओलं तबक बघितलं. मंगळवारी दुपारी दोनला बातमी आली असेल, तर बुधवारी आठपर्यंत त्याची एकोणीस वर्षं आवरून पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून झाली होती. वर स्टेपलर होता, नावासकट.

“तुमच्या आठवणीसाठीच बसले,” ओग्न्याना म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. पण ती उठली नाही.

साहेबांनी तर त्याहून मोठी तत्परता दाखवली होती. परीक्षा केंद्राला त्यांनी कळवून टाकलं होतं की उमेदवार मयत. वेलिच्कोने केंद्राला फोन केला. तिथल्या बाईने शांतपणे सांगितलं की मयत उमेदवाराला परीक्षेला बसता येत नाही. नाव पुन्हा घालायचं असेल तर हयातीचा दाखला आणा, उद्या सकाळी नऊच्या आत.

वेलिच्को नगरपालिकेत गेला. खिडकीपलीकडच्या कारकुनाने त्याचं ओळखपत्र तपासलं, फोटोशी चेहरा ताडून बघितला.

“हयातीचा दाखला पेन्शनरांना मिळतो,” तो म्हणाला. “तुम्ही पेन्शनर नाही. त्यामुळे तुम्हाला जिवंत असल्याचं सिद्ध करायची सोय नाही.”

“मग मी मेल्याचं कशावरून मानलंत?”

“आम्ही कुठे मानलं? झाडावर होतं.”

“अहो, मी तुमच्यासमोर उभा आहे!”

“दिसतंय मला. पण मला दिसतंय याचा फॉर्म नाही.”

शेवटी त्याने कुठूनसा जुना नियम काढला. दोन शेजाऱ्यांनी येऊन लेखी सांगितलं की हा माणूस हयात आहे, तर शिक्का मारता येईल. गोरित्सा मावशी लगेच आली. केलेली चूक निस्तरायची तिला घाई होती, आणि गव्हांचा रागही तिने नवऱ्याशी बोलून मिटवला होता. द्रेन्कोव्ह मात्र अडून बसला. मंगळवारची अख्खी दुपार घालवून त्याने श्रद्धांजलीचं भाषण लिहिलं होतं. ते वाचल्याशिवाय तो सही करणार नव्हता. तेव्हा नगरपालिकेच्या खिडकीसमोर, कारकून आणि रांगेतले सात जण ऐकत असताना, कप्तानाने घसा साफ केला.

“वेलिच्को त्सान्कोव्ह आपल्या इमारतीत एकोणतीस वर्षं राहिले. त्यांच्याविरुद्ध एकही तक्रार नाही. कचरा ते वेळेवर टाकत.”

त्याने कागदाची घडी घातली.

“झालं?” वेलिच्कोने विचारलं.

“झालं.”

“एवढंच?”

“मी खूप विचार केला,” द्रेन्कोव्ह प्रामाणिकपणे म्हणाला. “तूच सांग, आणखी काय घालू?”

झाडावर स्वतःचा फोटो बघून बसला त्यापेक्षा हा धक्का मोठा होता. त्याला अतिशय वाईट वाटलं. इतकं, की कारकुनाने दाखल्यावर शिक्का मारला, तेव्हा हा माणूस हयात आहे असं वाचूनही त्याची खात्री पटेना.

गुरुवारी तो परीक्षेला बसला. समोर पांढऱ्या केसांची इंग्रज बाई होती. वेलिच्कोने ‘माझं गाव’ या विषयावर बारा वाक्यं पाठ केली होती. बाईंनी विचारलं, “या आठवड्यात तुम्ही काय केलंत?”

बारा वाक्यं उडाली. वेलिच्कोने खिशातल्या दाखल्यावर हात ठेवला. मग त्याने जे झालं होतं तेच सांगितलं.

“ऑन ट्यूस्डे,” तो म्हणाला, “आय डाइड.”

बाईंचं पेन थांबलं. वेलिच्को पुढे निघाला. मी झाडावर होतो, दारावर होतो, बसथांब्यापाशी होतो, पोस्टात होतो. ऑन, ऑन, ऍट, इन. एकही शब्द चुकला नाही, कारण त्या प्रत्येक जागी तो खरवडणी घेऊन उभा राहिला होता आणि शेजारी बादली होती. मी मेलो होतो, इन स्पाइट ऑफ दॅट मला भूक लागली. ऍज अ रिझल्ट मी माझ्याच मयताचे गहू खाल्ले. कचेरीत माझ्या खिडकीत दुसऱ्याची कुंडी आहे. माझ्या शेजाऱ्याला माझ्याबद्दल तीनच वाक्यं सुचली, आणि त्यातलं एक कचऱ्याबद्दल आहे. ऑन द अदर हँड, माझी बायको माझ्या खुर्चीत बसली होती. टेबलाखाली कागद नव्हता. कागद तिच्या हातात होता.

इतके दिवस हे शब्द त्याच्याकडे जोडायला काही नसताना पडून होते. आता ते आपणहून जाऊन आपापल्या जागी बसत होते आणि वेलिच्को थक्क होऊन ऐकत होता.

बाईंनी चष्मा काढला. “आणि आता तुम्हाला कसं वाटतंय?” त्यांनी विचारलं.

वेलिच्कोने शोधलं. चौथा शब्दसमूह उरला होता.

“नेव्हरदिलेस,” तो म्हणाला. त्याच्या पुढचं त्याला येत नव्हतं. बाईंनी मान हलवली आणि गुण लिहिले.

निकालाचा कागद पुढच्या आठवड्यात आला. वेलिच्को पास. त्याने तो इमारतीच्या दारावर लावला. चार दिवस एकानेही वाचला नाही. गोरित्सा मावशी म्हणाली की भोवती चौकट नसेल तर कोणाची नजर जाणार, मी दिम्चोकडून करून आणते, आणि नेवेनाने तो कागद त्याच क्षणी काढून घेतला. कचेरीत ओग्न्यानाने टेबल सोडलं, पण कुंडी तिथेच विसरली. वेलिच्को तिला पाणी घालतो.

झाडावरचा विसावा कागद अजून आहे. पावसाने खालच्या ओळी गेल्या, चौकट फिकी झाली, फोटो तेवढा उरलाय. वेलिच्कोने दोनदा तो काढायला माणूस पाठवायचं ठरवलं, दोन्ही वेळा नेवेना नको म्हणाली. ती रोज सकाळी पाव आणायला येते. झाडासमोर थांबते, फोटो बघते. मग मान वर करून कचेरीच्या खिडकीकडे बघते. वेलिच्को कुंडी बाजूला सरकवून हात वर करतो. तो दिसल्यावर ती आत जाऊन पाव घेते.